फिगर स्केटिंगचा ड्रेस स्वस्तात करताय? या चुका टाळा

मुलीचा पहिला ड्रेस मी टेबलावर सपाट पसरला आणि रात्रभर बसून चिमट्याने एकेक खडा चिकटवला. सकाळी तिने तो अंगात चढवला, तशा छातीवरच्या खड्यांच्या लाह्या फुटल्या! लायक्रा ताणली जाते, सुकलेला गोंद ताणला जात नाही, एवढं साधं मला सुचलं नव्हतं. आता मी ड्रेसमध्ये जाड पुठ्ठा सरकवते, अंगावर बसतो तेवढा ड्रेस ताणून घेते आणि मगच खडे लावते.

गोंदही सुकल्यावर लवचिक राहणारा हवा. ई-6000 सारख्या गोंदाला पुरतं पक्कं व्हायला 24 ते 72 तास लागतात, तेव्हा स्पर्धेच्या आदल्या रात्री हे काम काढू नका. ग्लू गनच्या नादी तर लागूच नका, थंडीत तिच्यातल्या गरम गोंदाचा थर कडक होऊन निखळतो. सजावट बर्फावर पडली तर 1 गुण कापला जातो, आणि तोच खडा स्केटच्या पात्याखाली आला तर मूल पडतं, ते वेगळंच.

दुसरी चूक म्हणजे ‘वाढत्या अंगाचा’ ड्रेस शिवणं. फ्रॉकला ते चालतं, इथे नाही. सैल कापड गिरकीत गोळा होतं, लांब घेर बसून घेतलेल्या गिरकीत पायाखाली येतो. छाती-कंबरेइतकंच महत्त्वाचं माप असतं ते उभ्या धडाचं: टेप खांद्यावरून पुढे खाली, दोन पायांमधून मागे आणि परत त्याच खांद्यावर. ते कमी पडलं की हात वर नेताच सगळं ओढलं जातं. पुढच्या वर्षी मूल वाढलं तर कंबरेत कापून दोन बोटांची पट्टी जोडा. सांधा घेराखाली झाकला जातो.

सरळ शिलाई नको, ती पहिल्याच उडीत तटकन तुटते. झिगझॅग घाला, बॉलपॉइंट (गोलसर टोकाची) सुई आणि पॉलिएस्टर दोरा वापरा. घेराची कड मात्र दुमडायची गरजच नाही, लायक्राचे धागे सुटत नाहीत. कात्री तेवढी धारदार हवी.

वापरलेला ड्रेस मिळाला तर उत्तमच. फक्त कापड ताणून सोडून बघा. करकर वाजलं किंवा जागेवर परत आलं नाही, तर त्याचं इलॅस्टिक मेलंय. कितीही चमकत असला तरी घेऊ नका.

आणि हुक. 2018 च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये दक्षिण कोरियाची युरा मिन आणि फ्रान्सची गॅब्रिएला पापाडाकिस या दोघींचेही हुक ऐन बर्फावर सुटले. ते ड्रेस काही काटकसरीचे नव्हते. म्हणून सरावात एकदा तरी पूर्ण कार्यक्रम ड्रेस घालून करून घ्या. स्पर्धेच्या दिवशी हुक लावला की वरून दोन टाके घाला, नंतर कापता येतात.