वजराई धबधबा: ढग-उन्हाच्या खेळात एक्स्पोजर कसं धरलं

पावसाळ्यात साताऱ्याजवळच्या कासच्या पुढे, भांबवली गावाच्या वजराईवर एक ढग सरकला की काही सेकंदांत प्रकाश दोन-तीन स्टॉपने बदलतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). ॲपर्चर प्रायोरिटीवर, म्हणजे शटरचा वेग कॅमेराच ठरवतो त्या मोडवर, कॅमेरा काळ्याभोर कातळाकडे बघून शटर लांबवतो आणि तिन्ही टप्प्यांतलं पाणी कोरं पांढरं होतं. एकदा जळलेला तो फेस रॉ फाइलमधूनही (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) परत मिळत नाही.

सगळं हातानं ठरवायच्या मॅन्युअल मोडवर गेल्यावरच हे सुटलं. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, ॲपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र एफ/११. स्पॉट मीटर (फ्रेममधल्या छोट्याशा भागाचाच प्रकाश मोजणारा) सगळ्यात उजळ फेसावर धरायचा आणि तो सांगेल त्याहून दीड स्टॉप जास्त द्यायचा, कारण मीटर पांढऱ्यालाही करडं करू बघतो. १/३० सेकंद म्हणाला तर १/१०. या वेगाला पाण्याच्या धारा सुट्या दिसतात, दुधासारखा गोळा होत नाही. ऊन आलं की फक्त शटरचं चाक फिरवायचं. हायलाइट अलर्ट (जळलेला भाग दाखवणारी स्क्रीनवरची खूण) फेसावर लुकलुकला तर आणखी १/३ स्टॉप खाली.

लेन्सपुढे लावायचा, चकाकी कापणारा पोलरायझर फिल्टर हवाच. ओल्या कातळाची चकाकी जाते. मात्र तो आधी फिरवून घ्या, मगच मीटर बघा, कारण काच दीडएक स्टॉप प्रकाश खाते.

धुक्यात ऑटोफोकस भटकतो. कडा उघडा असतानाच कातळाच्या धारेवर फोकस धरून लेन्स एमएफवर (मॅन्युअल फोकस) टाका. व्हाइट बॅलन्स (रंगछटेचं सेटिंग) ५५०० केल्व्हिनला कायम. तुषार काचेवर बसतातच, तेव्हा दर दोन-तीन फ्रेमनंतर कोरडं मायक्रोफायबर फिरवा. ओलं झालेलं कापड नुसतं पाणी पसरवतं.