आरटीसी लावूनही बूटला टाइम चुकतोय? कर्नल कॉन्फिग करताना या चुका टाळा

रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटर बोर्डाच्या पाय ४ पर्यंतच्या कुठल्याच मॉडेलवर बॅटरीवर चालणारं घड्याळ, म्हणजे आरटीसी (रिअल टाइम क्लॉक), नाही, म्हणून आपण डीएस३२३१ या आरटीसी चिपचा छोटा बोर्ड आणतो, चार वायरी जोडतो, आणि तरी लाइट जाऊन आली की टाइम मागे पडलेला असतो. मग बरेच जण बोर्ड खराब निघाला म्हणून दुसरा मागवतात. नका मागवू. बहुतेक वेळा चिपमधला टाइम बरोबरच असतो, कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) ती चिप दिसायला उशीर झालेला असतो नाहीतर तो भलत्याच घड्याळाला विचारत असतो, आणि हे बोर्ड बदलून कधीच सुटणार नाही.

सगळ्यात आधी टेस्ट नीट करा. नेट चालू ठेवून रीबूट मारला आणि डेट बरोबर आली तर त्यावरून काहीही कळत नाही, कारण ती एनटीपीने (नेटवरून वेळ जुळवणाऱ्या सोयीने) आणलेली असू शकते. लॅन काढा, वायफाय बंद करा, पॉवर पूर्ण काढून पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि मग चालू करा. रास्पबेरी पायवर अजून एक भानगड असते, फेक-एचडब्ल्यूक्लॉक नावाचं पॅकेज, जे मशीन बंद होताना वेळ फाइलमध्ये लिहून ठेवतं आणि पुढच्या बूटला तीच वेळ परत लावतं. म्हणजे मशीन तीन तास बंद राहिलं तर घड्याळ तीन तास मागे, पण तारीख मात्र बघायला ठीकठाक! १९७० दिसलं असतं तर निदान लगेच कळलं असतं. शेतात नेट नसलेल्या जागी हवामानाचा लॉगर लावलाय आणि महिनाभराच्या रीडिंगच्या वेळा अशा सरकल्यात, तर तो डेटा नंतर दुरुस्त करणं फार अवघड आहे, म्हणून आरटीसी लावला की हे पॅकेज काढूनच टाका.

आता वेळ कोणी लावली ते कर्नललाच विचारा. सिस, क्लास, आरटीसी, आरटीसी० असं आत गेलं की एचसीटूसिस नावाची फाइल आहे. त्यात १ असेल तर बूटला सिस्टिमची वेळ याच घड्याळावरून लागली, ० असेल तर नाही. ही एक फाइल बघितली तरी अर्धं डोकं वाचतं, आणि गंमत म्हणजे ती फारसं कोणी बघतच नाही.

० आलं तर मेन्यूकॉन्फिगमध्ये (कर्नल बनवताना त्याचे ऑप्शन निवडायच्या मेन्यूत) डिव्हाइस ड्रायव्हर्सखाली रिअल टाइम क्लॉकमध्ये जा. तिथे स्टार्टअपला आरटीसीवरून सिस्टिम टाइम सेट करायचा ऑप्शन चालू पाहिजे आणि त्याच्याखाली डिव्हाइसचं नाव आरटीसी० पाहिजे. ड्रायव्हर निवडताना नाव बघून फसायला होतं, डीएस३२३१ म्हणून वेगळा ड्रायव्हर शोधतात, सापडत नाही म्हणून जवळचं नाव बघून डीएस३२३२ वाला टिक करतात. डीएस३२३१ चा सपोर्ट डीएस१३०७ च्या ड्रायव्हरमध्ये आहे, तो घ्यायचा.

आणि इथेच ती चूक होते जी मला सगळ्यात जास्त दिसते. आरटीसीचा ड्रायव्हर वाय करून कर्नलमध्ये बिल्ट-इन केला, पण आयटूसी (चिप जोडायच्या दोन वायरींच्या बस) कंट्रोलरचा ड्रायव्हर एम म्हणजे नंतर लोड होणारा मॉड्युलच राहिला. चिप आयटूसी बसवर बसलीय, बसच उशिरा आली तर चिप कुठून दिसणार? जुन्या कर्नलमध्ये अशा वेळी डीमेसेजमध्ये (कर्नलच्या मेसेजच्या लॉगमध्ये) आरटीसी० उघडता आलं नाही अशी ओळ येते आणि कर्नल पुढे निघून जातो. नव्या कर्नलमध्ये आरटीसी मागाहून रजिस्टर झाला तरी तेव्हा वेळ लागते, पण तोपर्यंत रूट फाइलसिस्टिम माउंट झालेली असते, लॉगच्या पहिल्या ओळी चुकीच्या तारखेने पडलेल्या असतात. दोन्ही बिल्ट-इन करा, थोडा साइज वाढला तर वाढू दे.

एकापेक्षा जास्त घड्याळं असली की आरटीसी० नेमकं कोण हा प्रश्न येतो. बीगलबोन ब्लॅक या पायसारख्याच बोर्डाच्या प्रोसेसरमध्ये स्वतःचा आरटीसी आहे पण बोर्डावर त्याला बॅटरी नाही, आणि तो आधी रजिस्टर होऊन आरटीसी० ची जागा अडवतो, तुमचा बॅटरीवाला डीएस३२३१ बिचारा आरटीसी१. कर्नल इमानदारीने रिकाम्या घड्याळाला वेळ विचारतो. डिव्हाइस ट्रीच्या (बोर्डावर कुठलं हार्डवेअर आहे ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलच्या) एलियासेसमध्ये आरटीसी० म्हणजे डीएस३२३१ असं लिहून टाका, नंबर पक्का होतो.

आयटूसीडिटेक्ट या बसवरच्या चिपचे पत्ते दाखवणाऱ्या कमांडमध्ये ६८ च्या, म्हणजे डीएस३२३१ च्या पत्त्याच्या, जागी यूयू दिसलं की लोक घाबरतात, ते चांगलं लक्षण आहे, ड्रायव्हरने चिप ताब्यात घेतलीय. नुसतं ६८ दिसत असेल तर ओव्हरले (डिव्हाइस ट्रीला जोडायचा तुकडा) किंवा डिव्हाइस ट्री तपासा. आणि त्याच बसवर एमपीयू६०५० सेन्सर असेल तर त्याचाही पत्ता हेक्स ६८ च आहे, त्याची एडी० पिन हाय करून त्याला ६९ वर पाठवा.

डीमेसेजमध्ये सेट टाइम अशी वॉर्निंग आली किंवा घड्याळ वाचताना इनव्हॅलिड आर्ग्युमेंट आलं तर चिप मेलेली नसते. मधे कधीतरी ऑसिलेटर थांबला होता, त्याचा फ्लॅग चिपमध्ये लागलाय, म्हणून ड्रायव्हर ती वेळ खरी मानत नाही आणि ते योग्यच आहे. नेट जोडून सिस्टिमची वेळ बरोबर करून घ्या, मग एचडब्ल्यूक्लॉक कमांडने ती एकदा चिपमध्ये लिहा. तरी प्रत्येक पॉवर कटनंतर हेच होत असेल तर मग सेल बघा.

लिहिण्यावरून एक कळकळीची विनंती, शटडाउनला किंवा क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत) डोळे झाकून सिस्टिमची वेळ चिपमध्ये लिहिणारी कमांड टाकू नका. ज्या दिवशी सिस्टिमची वेळच चुकलेली असेल त्या दिवशी ती चांगल्या चिपमध्येही चुकीची वेळ घुसवते आणि मग खरं काय ते सांगायला कोणीच उरत नाही. कर्नलमध्ये सिसटूएचसी ऑप्शन त्यासाठीच आहे, एनटीपीशी सिंक असेल तेव्हाच साधारण दर ११ मिनिटांनी वेळ आरटीसीत लिहितो.

चूक बरोबर ५ तास ३० मिनिटांची असेल तर ड्रायव्हरला हातही लावू नका, चिपमध्ये यूटीसीऐवजी (जागतिक प्रमाणवेळेऐवजी) आपली भारतीय वेळ लिहिली गेलीय. कर्नल चिपमधली वेळ यूटीसीच धरतो. विंडोजबरोबर ड्युअल बूट असलेल्या पीसीवर हे हमखास होतं, तिथे विंडोजच्या रजिस्ट्रीत रिअलटाइमइजयुनिव्हर्सल १ करून दोघांनाही यूटीसीवर आणा.

राहिला सेल. बाजारात जे निळे स्वस्त डीएस३२३१ बोर्ड मिळतात त्यातल्या बऱ्याच बोर्डांवर चार्जिंगचा डायोड आणि रेझिस्टर असतो, तो चार्ज होणाऱ्या एलआयआर२०३२ साठी. त्यात साधा सीआर२०३२ घालून ५ व्होल्ट दिले तर चार्ज न होणारा सेल चार्ज होत राहतो, फुगू शकतो, त्यामुळे बोर्ड ३.३ व्होल्टवर चालवा नाहीतर तो रेझिस्टर काढून टाका. पाय ५ वर उलट आहे, तिथे आरटीसी बोर्डातच आहे पण बॅटरीचं चार्जिंग डिफॉल्टने बंद असतं, चार्ज होणारी बॅटरी लावली असेल तर कॉन्फिग फाइलमध्ये चार्जिंग व्होल्टेज स्वतः द्यावं लागतं, आणि साधा सेल लावला असेल तर ती ओळ अजिबात टाकायची नाही.