दंडांसाठी आठवड्याला किती सेट?

नवरात्र दोन महिन्यांवर आलं की बडोद्याच्या दांडिया बाजारात, मी शिकवते त्या जिममध्ये, संध्याकाळच्या बॅचला उभं राहायला जागा उरत नाही. गरब्यासाठी बिनबाह्यांचं केडियू (घेरदार आखूड अंगरखा) शिवायला टाकलेलं असतं आणि त्यातून दंड भरलेले दिसायला हवेत. मग आल्या आल्या प्रश्न, "ताई, बायसेप्सचे किती सेट मारू?" (बायसेप्स म्हणजे दंडाचा पुढचा स्नायू, सेट म्हणजे एका दमात काढलेल्या रेप्स, म्हणजे आवर्तनं.) मी विचारते, "आत्ता किती मारतोस?" यावर बहुतेक जण छताकडे बघतात.

म्हणून आधी वही. मागच्या आठवड्यात जे केलं ते सगळं लिहा, नुसते कर्ल (कोपर वाकवून वजन उचलणं) नव्हे. लॅट पुलडाउन, रोइंग, पुल-अप या ओढायच्या व्यायामांत बायसेप्स राबतातच. बेंच प्रेस, शोल्डर प्रेस आणि डिप्स या ढकलायच्या व्यायामांत ट्रायसेप्स, म्हणजे दंडाचा मागचा स्नायू. अशा सेटचा मी अर्धा धरते आणि कर्ल किंवा एक्स्टेन्शनचा (कोपर सरळ करत वजन ढकलणं) पूर्ण एक. वॉर्म-अप मोजायचा नाही. वजन खाली ठेवल्यावर अजून पाच-सहा रेप्स आरामात निघाल्या असत्या, तो सेटही खोडायचा. जेमतेम दोन-तीन रेप्स शिल्लक असतील इथवर नेलेला सेट तेवढा खरा.

आता हिशेब बघा. सोमवारी पुलडाउनचे ४ आणि रोइंगचे ४, गुरुवारी पुन्हा तेच. झाले १६, त्यांचे अर्धे ८. दोन्ही दिवशी ६-६ कर्ल म्हणजे १२. एकूण २०. मुलगा मात्र सांगतो, "मी बारा मारतो, वीस करू का?" अरे, वीस झालेच की! सकाळी आखाड्यात दंड काढून आणि मल्लखांब करून येणाऱ्यांचं तर याहून वरचं. व्यायामगुरू प्रो. माणिकरावांच्या या गावात तशी मुलं अजून भेटतात, आणि संध्याकाळी डंबेल हातात घेताना त्यांना सकाळची मेहनत आठवत नाही.

आकडा विचाराल तर, अर्धे धरून, नव्याला आठवड्याला ६ ते ८ पुरतात. वर्ष-दोन वर्षं नियमित केलेल्याने १० ते १४ वर राहावं. वीसच्या पुढे जायचं तर त्याआधीचे आकडे वहीत दिसायला हवेत. "पण रिसर्चमध्ये तीस सेट आहेत" असं मोबाइल पुढे करून सांगणारा दर सीझनला एक तरी येतोच. तो प्रयोग अमेरिकन संशोधक ब्रॅड शोनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०१९ चा. सरावलेले तरुण, ८ आठवडे, बायसेप्सच्या बाजूला आठवड्याला ६, १८ आणि ३० सेट असे तीन गट. ताकद तिघांची जवळपास सारखीच वाढली, स्नायूची जाडी मात्र जास्त सेटवाल्यांची जास्त वाढली. इथवर मुलगा बरोबर. पण ते तीसच्या तीस सेट पुलडाउन आणि रोइंगचे होते, कर्ल त्यात एकही नव्हता. माझ्या हिशेबाने ते पंधरा झाले.

सेट वाढवायचे ते दोन-दोनने, आणि चार ते सहा आठवडे तिथेच थांबायचं. त्याच वजनावर रेप्स वाढत असतील तर आहे त्या सेटना हात लावू नका. रेप्स अडकल्या, झोप-जेवण ठीक आहे आणि कोपर दुखत नाही, तरच पुढचे दोन. उलट मागच्या आठवड्यापेक्षा रेप्स कमी निघताहेत, कोपराच्या आतल्या बाजूला ठणका लागतोय, पाण्याची बाटली उघडताना कळ येते, तर एक तृतीयांश सेट सरळ काढून टाका. एका दिवशी थेट दंडाचे, म्हणजे कर्ल-एक्स्टेन्शनचे, सहा-आठच्या वर नकोत. बाकीचे दुसऱ्या दिवशी. रविवारचा "आर्म डे" करून वीस सेट एकदम ओढणारे शेवटचे दहा नुसते हलवत असतात.

ट्रायसेप्सबद्दल मात्र मी आग्रही आहे, कारण दंडाचा मोठा भाग तोच. त्याचं लांब डोकं (त्याच्या तीन भागांपैकी एक) खांद्याच्या फऱ्याला जोडलेलं असतं आणि बेंच प्रेसमध्ये त्याला फारसं काम मिळत नाही. त्यामुळे इथे अर्ध्याचा हिशेब जरा उदारच होतो. केबल किंवा डंबेल डोक्यामागे नेऊन केलेलं एक्स्टेन्शन त्याला चांगलं ताणतं. थेट सेटमधले निम्मे तरी तसले ठेवा.

माप शिंप्याच्या टेपने, खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर, हात सैल सोडून, महिन्यातून एकदा सकाळी. व्यायामानंतर फुगलेला दंड मोजून स्टेटस टाकायचं असेल तर टाका, वहीत लिहू नका. प्रोटीन वजनाच्या किलोमागे दीड ग्रॅमच्या थोडं वर, म्हणजे ६० किलोच्या मुलाला ९५ ग्रॅमच्या आसपास. शेव-उसळ खुशाल खा, पण रात्रीचं जेवण तिच्यावर भागवू नका.

आणि प्रत्यक्ष नवरात्रात सेट निम्मे. नऊ रात्री गरबा खेळून उशिरा झोपणाऱ्याचं शरीर त्याहून जास्त भरून काढत नाही, आणि नऊ दिवसांत दंड उतरतही नाहीत. दसऱ्यानंतर पहिला आठवडा त्याच निम्म्यावर काढा, मग दर आठवड्याला थोडे थोडे चढवत दिवाळीपर्यंत जुन्या आकड्यावर या.