गाजराची पुंगी वाजत नाहीये? मग या चुका टाळा

"गाजराची पुंगी, वाजली तर वाजली नाहीतर मोडून खाल्ली." वर्कशॉपमध्ये ही म्हण दर वेळी कोणीतरी टाकतंच, सगळे हसतात आणि अर्ध्या तासाने तोच माणूस मोडकं गाजर चावत कोपऱ्यात बसलेला असतो. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर जानेवारीत आम्ही भाज्यांची वाद्यं बनवतो, हे पाचवं वर्ष, आणि त्याच त्याच चुका बघून आता कंटाळा आलाय, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिली चूक ड्रिल हातात घ्यायच्याही आधी होते, मंडईत. आणि ती मीच केलीये. दुसऱ्या वर्षी शहाणपणा करून गुरुवारीच पाच किलो गाजरं आणून गॅलरीत ठेवली, वर्कशॉप रविवारी. सकाळी एक उचललं तर धनुष्यासारखं वाकलं. म्हटलं चालेल, वाजवायचंच तर आहे. नाही चाललं. मऊ गाजरात ड्रिलचं बिट (भोक पाडायचं पातं) घातलं की गाजरच बिटाबरोबर फिरतं, भोक वेडंवाकडं होतं, आतली बाजू खरखरीत राहते आणि फुंकर मारली की नुसती हवा, फुस्स. तीस माणसं, एक तास, एकही सूर नाही. शेवटी एका आजींनी विचारलं, "अरे, मग हलव्याला किसायला घेऊ का?"

तेव्हापासून मी गाजर त्याच दिवशी सकाळी आणतो, मोडून बघतो, कटकन आवाज आला तरच घेतो. मरगळलेलं असेल तर रात्रभर गार पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा, पाणी पिऊन बऱ्यापैकी ताठ होतं. लाल दिल्ली गाजर हलव्याला भारी पण निमुळतं, खाली भोकाला भिंतच उरत नाही, त्यामुळे जाडजूड केशरी घ्या. व्हिएन्नात १९९८ पासून भाज्यांचा एक ऑर्केस्ट्रा आहे, जगभर कार्यक्रम करतात, ते लोकसुद्धा प्रत्येक कार्यक्रमासाठी वाद्यं नव्याने ताज्या भाज्यांची बनवतात. त्यांना अजून शॉर्टकट सापडला नाहीये, तर तुम्हाला पहिल्या रविवारी कुठून सापडणार.

ड्रिल करताना घाई नको. ८ किंवा १० एमएमचं लाकडाचं बिट, स्पीड कमी, दर दोन सेंटीमीटरला बाहेर काढून चोथा झटकायचा. नाही झटकला तर तो आत दाटतो आणि गाजर उभं चिरतं. गाजर हातात धरून ड्रिल करायचं नाही, फडक्यात गुंडाळून व्हाइसमध्ये (टेबलाला लावलेल्या शिकंज्यात), यावर चर्चा नाही.

आता माझी लाडकी चूक, सूर लावणं. आम्ही नवख्यांना बासरी देतच नाही, एका टोकाला बंद अशा नळ्या करायच्या आणि बाटलीच्या तोंडावर फुंकतो तसं आडवं फुंकायचं. (भोकात सरळ फुंकणारे दर वेळी दहाजण तरी असतात.) १५ सेंटीमीटर खोल भोक साधारण ५५०-६०० हर्ट्झला वाजतं, खोली निम्मी केली की सूर वरच्या सप्तकात जातो. मागच्या वर्षी एक काका आले, हार्मोनियम वाजवणारे, मोबाईलवर ट्यूनर, म्हणजे सूर दाखवणारं अ‍ॅप, लावून बसले. सूर थोडा चढा लागला म्हणून भोक अजून खोल, मग अजून खोल, मी म्हटलं काका बास करा, तर म्हणे "सा म्हणजे सा." आणि बिट खालून बाहेर. बंद नळी उघडी झाली की सूर जवळजवळ सप्तकभर वर उडतो, काका ट्यूनरकडे बघतायत, ट्यूनर काकांकडे. मग बटाट्याचा बूच ठोकून दिला खालून, वाजली की हो.

म्हणून माझी सवय अशी की भोक आधीच गरजेपेक्षा थोडं खोल ठेवायचं, सूर उतरलेलाच राहू दे. मग थेंबथेंब पाणी आत सोडायचं, हवेची जागा कमी होते, सूर चढतो, आणि जास्त झालं तर ओतून टाका. गाजर कापून सूर चढवलात तर परत चिकटवता येत नाही. आणि तासाभरात गाजर सुकायला लागतं, सूर हलतो, तर वाजवत नसाल तेव्हा ओल्या फडक्यात.

"सतारीचा पण भोपळाच असतो ना" म्हणत ताज्या लाल भोपळ्याला तार बांधणारे वेगळेच. मिरजेच्या सतारीचा भोपळा म्हणजे वाळून लाकडासारखा कडक झालेला कडू भोपळा. ताज्याला तार ताणलीत तर भाजीच चिरली जाईल. त्याचा ढोल करा, आतला गर पूर्ण खरवडा आणि हाताने वाजवा, काठीने नाही.

पपईच्या पानाच्या देठाची पिपाणी झकास वाजते पण चीक नीट धुवा, ओठ चुरचुरतात.

एक गाजर, एक तोंड. फोटोसाठी पण फिरवू नका.

शेवटी उरलेल्या भाज्यांचं सूप आम्ही करतोच, व्हिएन्नावाले पण करतात. फुंकलेलं काही त्यात जात नाही. आणि दुधी टाकणार असाल तर आधी कच्ची चकती जिभेला लावून बघा, कडू लागली तर थुंका आणि अख्खा दुधी फेका, कडू दुधीने माणसं हॉस्पिटलात गेलीयेत.