काढा-चूर्ण सुरू करायच्या आधी एवढं नक्की बघा

बुधवारी नाशिकच्या गोदाघाटावरच्या बाजारात गेलात की मुळ्या, साली, बिब्बे मांडून बसलेले दिसतात, आणि "झाडपाल्याचं आहे, साइड इफेक्ट नाही" हे ऐकायला मिळतंच. कृपया यावर विश्वास ठेवू नका. ज्याचा गुण येतो त्याचा अपायही होऊ शकतो.

पहिलं काम म्हणजे सध्या चालू असलेल्या गोळ्यांची यादी काढा, कारण खरी भानगड इथेच होते. शुगरची गोळी चालू आहे आणि वरून रोज कारल्याचा रस, मेथी पावडर घेतली तर शुगर एकदम खाली येऊ शकते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात. बीपीवाल्यांनी ज्येष्ठमध रोज चघळू नका, त्याने बीपी वाढतं आणि पोटॅशियम कमी होतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तर लसूण किंवा हळदीच्या कॅप्सूल विचारल्याशिवाय नको (भाजीतल्या लसणाबद्दल नाही बोलत), आणि थायरॉईडवाल्यांनी अश्वगंधा स्वतःच्या मनाने तर अजिबात नाही.

गुळवेल कोरोनात घरोघरी प्यायली गेली. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांमध्ये लिव्हरला सूज आल्याच्या केसेस मांडल्या, आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की तशीच दिसणारी दुसरी वेल असू शकते. म्हणजे कुंपणावरची वेल तोडून उकळताना ती नक्की कोणती हे कळायला पाहिजे ना? काहीही घेत असताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, भूक गेली, अंगाला खाज सुटली तर त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरांकडे जाऊन लिव्हरची टेस्ट करा.

दुधीचा रस पिणाऱ्यांनी आधी कच्च्या दुधीचा छोटा तुकडा चाखा, कडू लागला तर थुंका आणि अख्खा दुधी फेकून द्या. कडू लागतो म्हणून साखर, मध घालून पिऊ नका. कडू दुधीने रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावलेली आहेत.

सांधेदुखीवर दोन दिवसात फरक पडणारी बिननावाची पुडी मिळाली तर सावध व्हा, अशा पुड्यांमध्ये स्टिरॉईड मिसळलेलं सापडलंय. बरं वाटतं, भूक लागते, मग चेहरा सुजतो, शुगर चढते. पण महिनोन् महिने घेतली असेल तर एका झटक्यात सोडू नका, तेही धोक्याचं असतं, पुडी घेऊन सरळ फिजिशियनकडे जा, ते हळूहळू कमी करतील.

घेताना डब्यावर लायसन्स नंबर, बॅच, एक्स्पायरी बघा, पारा-शिसं असलेल्या भस्मांना तर जास्तच जपा आणि वैद्यांच्या देखरेखीशिवाय घेऊ नका. वैद्य म्हणजे रजिस्ट्रेशन असलेले, आपल्या म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठातून बीएएमएस झालेले कितीतरी जण नाशकात आहेत, त्यांना विचारा की किती, किती दिवस आणि कधी थांबायचं. दिवस गेलेले असतील, अंगावर पाजत असाल किंवा लहान बाळ असेल तर विचारल्याशिवाय काहीच नको.

आणि ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना सगळे काढे, चूर्णं, कॅप्सूल डब्यासकट दाखवा. बरीचशी साधारण दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात, त्यामुळे आदल्या दिवशी नाही, तारीख मिळाली की लगेच सांगा.