ऑनलाइन दुकानांचे न मागता येणारे जाहिरातींचे ईमेल कसे थांबवावेत

ज्या ऑनलाइन दुकानाशी आपला संबंध आठवत नाही, त्याचा जाहिरातीचा ईमेल आला की सोलापुरात साधारणपणे दोनच सल्ले ऐकायला मिळतात. 'अनसबस्क्राइब' (यादीतून आपले नाव काढण्याचे बटण) कधीही दाबू नका, नाहीतर तुमचा पत्ता चालू आहे हे त्यांना कळेल, असे एकजण सांगतो. दुसरा सांगतो की दिसेल त्या मेलवर अनसबस्क्राइब दाबत चला, आठवड्यात इनबॉक्स रिकामा होईल. पहिला सल्ला खऱ्या दुकानाच्या मेलला लागू नाही आणि दुसरा खोट्या मेलच्या बाबतीत धोक्याचा आहे. त्यामुळे समोरचा मेल कोणत्या प्रकारचा आहे हे ठरवल्याशिवाय कोणत्याही बटणाला हात लावू नये, एवढा एकच नियम मी लोकांना पुन्हा पुन्हा सांगतो.

या लेखात जीमेल गृहीत धरले आहे, कारण अडचण घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा पत्ता तिथलाच असतो, मग ते नवी पेठेतील दुकानदार असोत की अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल विणणारे. शक्य असेल तर हे काम मोबाइलऐवजी संगणकावर करावे. मोबाइलवर सहसा पाठवणाऱ्याचे फक्त ठळक नाव दिसते आणि ते नाव कोणीही काहीही ठेवू शकतो.

पहिली पायरी: मेल कोणत्या प्रकारचा आहे ते ठरवणे

सर्वांत अवघड पायरी हीच आहे, आणि मलाही सर्वाधिक वेळ हिच्यावरच घालवावा लागला. अनपेक्षित जाहिरातीचा मेल ढोबळमानाने तीन प्रकारचा असतो: खऱ्या दुकानाचा आणि तुमच्याच नावाने आलेला, खऱ्या दुकानाचा, पण दुसऱ्याच माणसासाठी असलेला, आणि दुकानाचे नुसते सोंग घेतलेला.

पहिल्या प्रकारात 'मी तर यांच्याकडून काहीच घेतले नाही' हे वाक्य हमखास ऐकू येते, पण ते अनेकदा अपुरे असते. कधीतरी बिल ईमेलवर हवे म्हणून काउंटरवर पत्ता सांगितलेला असतो, एखादी वस्तू टोपलीत टाकून खरेदी अर्धवट सोडलेली असते, किंवा ज्या दुकानातून खरेदी केली त्याच कंपनीच्या दुसऱ्या नावाच्या दुकानाकडे तो पत्ता गेलेला असतो. दिवाळी जवळ आली की चार-पाच वर्षे गप्प असलेली दुकानेही जुनी यादी काढून मेल पाठवू लागतात. म्हणून जीमेलच्या शोधपट्टीत त्या दुकानाचे नाव टाकून जुना एखादा मेल सापडतो का, हे आधी पाहावे. शोधताना स्पॅम आणि ट्रॅश हे कप्पेही निवडावेत, कारण नेहमीच्या शोधात ते धरले जात नाहीत.

नंतर पाठवणाऱ्याच्या नावाखालचा छोटा बाण दाबावा. तिथे 'फ्रॉम' या ओळीत पूर्ण पत्ता दिसतो आणि खाली 'मेल्ड बाय' व 'साइन्ड बाय' अशा दोन ओळी असतात. लोकांची फसगत होते ती याच दोन ओळींत, आणि ती दोन्ही बाजूंनी होते. मोठी दुकाने लाखो मेल स्वतःच्या यंत्रणेतून पाठवत नाहीत. ते काम मेल पाठवण्याचाच व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांकडे असते. त्यामुळे 'मेल्ड बाय'समोर भलतेच नाव दिसले, म्हणजे मेल खोटा, असे होत नाही. महत्त्वाची ओळ 'साइन्ड बाय' ही आहे. तिथे दुकानाच्या स्वतःच्या संकेतस्थळाचे नाव असेल, तर त्या संकेतस्थळाच्या मालकाच्या परवानगीने हा मेल निघाला आहे असे धरायला हरकत नाही.

मात्र इथेच थांबणे घातक आहे. 'साइन्ड बाय' असे सांगते की मेल त्या संकेतस्थळाच्या नावाने आला. ते संकेतस्थळ म्हणजेच तुम्हाला ठाऊक असलेले दुकान आहे, असे ते मुळीच सांगत नाही. दुकानाच्या नावात एक अक्षर बदलून किंवा मागे 'ऑफर', 'सेल', 'दिवाळी' असे काही जोडून नवे संकेतस्थळ घेता येते, आणि त्यावरची सही तांत्रिकदृष्ट्या अगदी निर्दोष असते. म्हणून संकेतस्थळाचे नाव नेहमी उजवीकडून डावीकडे वाचावे. शेवटी 'डॉट कॉम' किंवा 'डॉट इन' असेल, तर त्याच्या लगेच डावीकडचा शब्द हा खरा मालक असतो, आणि शेवटी 'डॉट को डॉट इन' अशी जोडी असेल, तर त्या जोडीच्या डावीकडचा. 'मोठेदुकान डॉट कॉम डॉट बक्षीस डॉट शॉप' या पत्त्याचा मालक 'बक्षीस' आहे. 'मोठेदुकान' हे दारावर रंगवलेल्या पाटीसारखे आहे, त्याचा मालकीशी संबंध नाही. ज्यांना हे एकदा जमले त्यांना निम्मे खोटे मेल न उघडताही ओळखता येतात. 'हिरव्या कुलपाचे चिन्ह बघा', 'इंग्रजी अशुद्ध आहे का बघा' असले सल्ले आता विसरावेत. खोट्या संकेतस्थळालाही कुलूप मिळते आणि खोट्या मेलची भाषा पुष्कळदा खऱ्यापेक्षा नीटनेटकी असते.

दुसरा प्रकार, म्हणजे परक्या माणसाचा मेल, लोक ओळखतच नाहीत. नाव आणि आडनाव जोडून केलेला साधा पत्ता ज्यांनी पूर्वीच घेतला, अशा पाटील, कुलकर्णी किंवा बिराजदार मंडळींना हा त्रास अधिक होतो. त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाच्या पत्त्यात शेवटी आकडा असतो, काउंटरवर तो सांगायचा राहतो किंवा टंकलिहायचा राहतो, आणि त्याचे बिल, त्याची पार्सलची सूचना व नंतर जाहिराती तुमच्याकडे येऊ लागतात. गूगलने एकच पत्ता दोघांना दिला, ही समजूत चुकीची आहे. जीमेल पत्त्यातील टिंबे मोजतच नाही. नाव आणि आडनावाच्या मध्ये टिंब दिले काय किंवा न दिले काय, पत्ता एकाच खात्याचा राहतो. समोरच्याने पत्ताच चुकीचा दिला आहे, एवढेच खरे.

अशा मेलमधील दुव्यावर क्लिक केल्यास काही वेळा पासवर्ड न विचारताच त्या माणसाचे खाते उघडते. ते उघडून त्याची ऑर्डर रद्द करणे, पासवर्ड बदलणे किंवा त्याच्या घरचा पत्ता शोधून त्याला फोन करणे हे प्रकार सद्भावनेनेही करू नयेत. 'आपला ईमेल पडताळा' अशी विनंती आली असेल तर होकाराचे बटण दाबू नये. खाली 'हे मी केलेले नाही' असा पर्याय असेल तर तो वापरावा. तो नसेल, तर दुकानाच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन ग्राहकसेवेला दोन ओळी लिहाव्यात: हा पत्ता माझा आहे, या खात्याशी माझा संबंध नाही, तो काढून टाकावा. नुसते अनसबस्क्राइब केल्याने जाहिराती थांबतात, पण त्या माणसाची बिले येतच राहतात.

दुसरी पायरी: प्रकारानुसार कृती

मेल खऱ्या दुकानाचा ठरला, तर अनसबस्क्राइब निःशंकपणे दाबावे, पण मेलच्या तळाशी असलेल्या बारीक अक्षरांतले नव्हे. वर पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी जीमेल स्वतः दाखवते ते. जीमेलला रोज पाच हजारांहून अधिक मेल पाठवणाऱ्यांनी जाहिरातींसाठी एका क्लिकचा अनसबस्क्राइब द्यावा आणि तो दोन दिवसांत अमलात आणावा, असा नियम गूगलने २०२४ पासून लागू केला आहे. त्यामुळे बटण दाबल्यावर दोन दिवस वाट पाहावी. बटण दाबल्यावर जीमेल दुकानाच्या संकेतस्थळावर जाण्यास सुचवत असेल, तर तिथे नावाची पूर्वीसारखीच उजवीकडून तपासणी करावी. आणि अनसबस्क्राइब करण्यासाठी कोणी पासवर्ड, मोबाइल क्रमांक किंवा ओटीपी मागितला तर पान तत्काळ बंद करावे.

दोन दिवसांनंतरही मेल आला, तर 'रिपोर्ट स्पॅम' करावे. या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यापर्यंत जाऊ देऊ नका, असे गूगलने पाठवणाऱ्यांना बजावलेले आहे, तेव्हा हे बटण दुकानाला खरोखर झोंबते. याच कारणाने ज्या दुकानातून तुम्ही नियमित खरेदी करता त्याच्यावर ते रागाच्या भरात दाबू नये. उद्या त्याचे बिल आणि परतीच्या पैशांची सूचनाही स्पॅममध्ये जाऊन पडू शकेल.

मेल खोटा ठरला, तर त्यातील कोणताही दुवा किंवा जोडलेली फाइल न उघडता 'रिपोर्ट फिशिंग' (फसवणुकीच्या मेलची तक्रार) करावे. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तत्काळ फोन करावा.

तिसरी पायरी: फिल्टर

'अनसबस्क्राइब' हा शब्द असलेले सगळे मेल आपोआप डिलीट करणारा फिल्टर लावा, हा सल्ला देणाऱ्याला मी दारातूनच परत पाठवतो. तो शब्द अनेक उपयोगी मेलच्या तळाशीही असतो. गणवेशाच्या किंवा चादरींच्या व्यवसायात बँक, जीएसटी आणि मालाच्या ऑर्डरी एकाच पत्त्यावर घेणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि अशा फिल्टरने एखादे कामाचे पत्र गेले तर ते गेल्याचे कळतही नाही. फिल्टर लावायचाच असेल तर तो एका विशिष्ट पाठवणाऱ्याच्या पूर्ण पत्त्यावर लावावा आणि 'इनबॉक्स वगळा' एवढेच सांगावे.

दुकान ऐकतच नसेल तर

डीएनडीचा ('डू नॉट डिस्टर्ब', म्हणजे जाहिराती नकोत अशी नोंद करण्याचा) १९०९ हा क्रमांक कॉल आणि एसएमएससाठी आहे. ईमेलसाठी तशी नोंद भारतात नाही, म्हणून तिथे वेळ घालवू नये. त्याऐवजी दुकानाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार या अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावे लागते. तक्रारीत अनसबस्क्राइब केल्याची तारीख आणि त्यानंतर आलेल्या मेलचे स्क्रीनशॉट जोडावेत. एवढ्यानेही फरक पडला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, अशी तरतूद आहे. तिचा उल्लेख पत्रात जरूर करावा, परंतु नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनी कंपन्यांना बहुतेक जबाबदाऱ्यांसाठी दीड वर्षाची मुदत दिली आहे, हे ध्यानात ठेवून.

पुढच्या वेळी पत्ता देताना

खरेदीसाठी वेगळा ईमेल ठेवावा. बँक आणि जीएसटीचा पत्ता कोणत्याही दुकानाला देऊ नये. वेगळा पत्ता सांभाळणे नको असेल तर जीमेलच्या आपल्याच पत्त्यात ॲटच्या आधी अधिकचे चिन्ह आणि दुकानाचे नाव घालावे. मेल तुमच्याकडेच येतो आणि तुमचा पत्ता पुढे कोणाच्या हाती गेला, तेही त्यावरून दिसते. काही संकेतस्थळे अधिकचे चिन्ह स्वीकारत नाहीत, आणि याद्या विकणारे ते सहज काढून टाकू शकतात, म्हणून त्यावर फार विसंबू नये. काउंटरवर ईमेल विचारला, तर कागदी बिल मागावे. ते देता येणार नाही असे सांगितले, तर पत्ता तोंडी न सांगता कागदावर लिहून द्यावा आणि टंकलिहिलेला पडद्यावर स्वतः वाचून घ्यावा.