पेडलबोर्डवर बफर: कधी, कुठे आणि किती

सगळी पेडले (गिटारचा आवाज बदलणारी, पायाने चालू-बंद करायची उपकरणे) बंद आहेत, तरी गिटारचा आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो. तीच गिटार थेट ॲम्पला जोडली की खुलते. अशा वेळी संशय पेडलांवर जातो, पण चोर बहुतेकदा केबल असते. त्यावरचा उपाय म्हणजे बफर: सिग्नलच्या वाटेत बसवायचे एक छोटे सर्किट.

पॅसिव्ह (बॅटरीशिवाय चालणारा) पिकअप म्हणजे बारीक तारेचे हजारो वेढे. वरच्या फ्रीक्वेन्सीला त्याचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) खूप वाढतो आणि केबलचा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) त्याला पेलवत नाही. साध्या गिटार केबलचा कपॅसिटन्स मीटरमागे सुमारे १०० पिकोफॅरड असतो. अडीच हेन्रीचा सिंगल कॉइल आणि ६ मीटर केबल धरली तर पिकअपचा रेझोनन्स (ज्या फ्रीक्वेन्सीला तो सर्वांत जोरात बोलतो ती) ३.८ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. पेडले ट्रू बायपास (बंद असताना सिग्नल थेट पुढे सोडणारी) असतील तर बंद अवस्थेत सगळ्या केबलींची लांबी एकत्र मोजावी लागते. ती १४ मीटर झाली की रेझोनन्स २.६ किलोहर्ट्झवर उतरतो, आणि त्याच्या वरचे सगळे झपाट्याने गळते.

बफर सिग्नल मोठा करत नाही. तो पिकअपला सुमारे १ मेगाओहमचा हलका भार दाखवतो आणि पुढची केबल स्वतः काही शे ओहममधून चालवतो. त्याच्या आधी गेलेले ट्रेबल (वरच्या फ्रीक्वेन्सी) मात्र तो परत आणू शकत नाही.

१. आधी तपासा. गिटारचे व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडा, ३ मीटरच्या एकाच केबलने थेट क्लीन ॲम्पला जोडा आणि एक कॉर्ड वाजवा. मग पूर्ण बोर्ड जोडून, सगळी पेडले बंद ठेवून तीच कॉर्ड वाजवा. फरक जाणवला नाही तर पैसे खर्चू नका.

२. बफर आधीच आहे का पाहा. बॉसच्या बहुतेक कॉम्पॅक्ट पेडलांत आणि इबानेझ टीएस९ मध्ये पेडल बंद असतानाही सिग्नल बफरमधून जातो. साखळीत पहिले असे पेडल असेल तर सुरुवातीच्या टोकाचे काम झालेले आहे. ॲक्टिव्ह पिकअप किंवा वायरलेस रिसीव्हर असेल तरीही तेच.

३. पहिला बफर साखळीच्या सुरुवातीला लावा आणि गिटारपासून तिथवरची केबल आखूड ठेवा. गिटारचे व्हॉल्यूम ७ वर आणल्यावर आवाज बोथट होतो तो याच तुकड्यामुळे.

४. अपवाद फझचा (आवाज खरखरीत, फाटका करणारे पेडल), आणि गोंधळ इथेच सर्वांत जास्त होतो. फझ फेस घराण्यातल्या पेडलांचा इनपुट इम्पिडन्स फार कमी असतो. पिकअपचा इम्पिडन्स हा त्यांच्या सर्किटचाच भाग धरावा. मध्ये बफर आला की आवाज कर्कश, पातळ होतो आणि गिटारचे व्हॉल्यूम कमी करून आवाज स्वच्छ करण्याची सोय जाते. म्हणून क्रम गिटार, फझ, मग बफर. बफर असलेला ट्यूनरही फझनंतरच. वाह (पाय खालीवर करून आवाज ‘वा-वा’ करणारे पेडल) फझच्या आधी हवा असेल तर त्याचा स्वीप, म्हणजे ती खालीवर सरक, दबतो किंवा शिट्टी वाजते. दोघांमध्ये बफर टाकला की वाह सुधारतो, पण फझचा तो गुण हरवतो. आमचे मत: फझ आधी, वाह नंतर. बिग मफ या फझला मात्र आधी बफर असलेला चालतो.

५. बोर्डपासून ॲम्पपर्यंतची केबल ६ मीटरहून लांब असेल तर शेवटीही एक बफर ठेवा. सगळे बंद असताना पहिला बफर पुरतो. पण शेवटचे पेडल चालू केले की लांब केबल त्या पेडलाला ओढावी लागते, आणि काहींचा आउटपुट इम्पिडन्स बराच जास्त असतो. ते पेडल दाबताच ट्रेबल घसरत असेल तर कारण हेच. याहून जास्त बफर नकोत. प्रत्येक बफर थोडी सरसर वाढवतो.

स्वतः बनवायचा असेल तर टीएल०७२ चिप (एकात दोन ऑप-अँप) पुरते. ८ नंबरच्या पिनला ९ व्होल्ट, ४ ला ग्राउंड. १० किलोओहमच्या दोन रेझिस्टरांनी ४.५ व्होल्ट तयार करा आणि त्या बिंदूवरून ग्राउंडला ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. सिग्नल ०.१ मायक्रोफॅरडमधून पिन ३ ला. त्याच पिनला ४.५ व्होल्ट १ मेगाओहममधून. पिन १ आणि २ एकत्र जोडा, तिथून ४७० ओहम, मग १० मायक्रोफॅरड (धन टोक चिपकडे) आणि आउटपुट. आउटपुटवरून ग्राउंडला १०० किलोओहम. उरलेला अर्धा भाग मोकळा सोडू नका: पिन ५ ला ४.५ व्होल्ट, ६ आणि ७ एकत्र. पिएझो पिकअपच्या अकूस्टिकला १ मेगाओहम कमी पडतो, बास जातो. तिथे १० मेगाओहम लावा.

बफर लावल्यावर आवाज टोचू लागला तर तो बिघडलेला नाही; कान लांब केबलला सरावलेले आहेत. आधी ॲम्पचे ट्रेबल थोडे उतरवा. तरी टोचत असेल तर बफरच्या इनपुटवरून ग्राउंडला ४७० पिकोफॅरडचा कपॅसिटर लावा. पिकअपला तो साधारण पावणेपाच मीटर केबलसारखाच वाटतो.